बायको, ठेवलेली बाई आणि कायदा : मिकिओ नारुसे यांच्या दोन चित्रपटांमागचा जपान

जपानी चित्रपटाच्या इतिहासात मिकिओ नारुसे (१९०५–१९६९) यांचे स्थान मोठे असले, तरी कुरोसावा, ओझू किंवा मिझोगुची यांच्याइतके त्यांचे नाव जपानबाहेर पोचले नाही, आणि पती, पत्नी व तिसरी व्यक्ती यांच्याविषयी त्यांनी आयुष्यभर जे चित्रपट केले, त्यांपैकी बहुतेक आज अभ्यासकांच्या वर्तुळापलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाहीत. 'त्सुमा यो बारा नो यो नि' म्हणजे 'बायको, गुलाबासारखी हो' (१९३५) आणि 'त्सुमा' म्हणजे 'पत्नी' (१९५३) हे त्यांपैकी दोन. या दोहोंच्या मधल्या अठरा वर्षांत जपानने युद्ध केले, पराभव सोसला, नवी राज्यघटना स्वीकारली आणि पत्नीच्या व्यभिचाराला तुरुंगवास देणारे कलम दंडसंहितेतून काढून टाकले. हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहिले, तर विवाहाच्या कायद्यात काय बदलले आणि घरात काय तसेच राहिले, हे जितके स्वच्छ दिसते तितके ते कायद्याच्या ग्रंथांतही दिसत नाही. त्यासाठी मात्र आधी तो कायदा आणि त्याच्या मुळाशी असलेली जुनी रूढी समजून घ्यावी लागते.

तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभापासून १८६८ पर्यंत, व्यभिचार हा पतीच्या घराण्याविरुद्धचा अपराध मानला जाई. आठवे शोगुन योशिमुने यांच्या काळात १७४२ साली सिद्ध झालेल्या 'कुजिकाता ओसादामेगाकी' या न्यायदानाच्या नियमसंग्रहात व्यभिचारी पत्नी आणि तिचा प्रियकर या दोघांनाही मृत्युदंड सांगितला होता, आणि पतीने दोघांना स्वतःच ठार केले, तर व्यभिचार निश्चित असल्यास त्याला दोष नव्हता. पतीने अविवाहित स्त्रीशी ठेवलेल्या संबंधाला या चौकटीत अपराध म्हणून जागाच नव्हती. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे पैसे घेऊन आपसांत मिटवली जात, कारण सूड घेतल्याने पतीचीच बेअब्रू गावभर होई. तरीही शिक्षा केवळ कागदावर राहिली असे नाही. हा संग्रह सिद्ध होण्याच्याही आधी, १६८३ साली क्योतोमध्ये पंचांग छापण्याचा मक्ता असलेल्या एका प्रतिष्ठित कारागिराची पत्नी ओसान आणि त्याच्याकडचा नोकर मोहेई यांना आवातागुची येथे खांबाला बांधून भाल्यांनी मारण्यात आले, आणि त्यांना साहाय्य करणाऱ्या दासीचा शिरच्छेद झाला. या घटनेवर इहारा साइकाकू यांनी १६८६ मध्ये कथा लिहिली, चिकामात्सु मोन्झाएमोन यांनी १७१५ मध्ये कळसूत्री बाहुल्यांच्या रंगभूमीसाठी नाटक लिहिले, आणि केन्जी मिझोगुची यांनी १९५४ मध्ये 'चिकामात्सु मोनोगातारी' हा चित्रपट केला. एकाच प्रकरणाकडे तीन वेगळ्या काळांतील थोर कलावंतांनी वळावे, यावरूनच त्या शिक्षेने समाजमनावर किती खोल घाव घातला होता हे कळते.

मेइजी काळातील सुधारकांनी हा वारसा आधुनिक संहितांमध्ये आणला खरा, पण त्याची मूळ घडण त्यांनी फारशी मोडली नाही. १८७० च्या 'शिनरित्सु कोर्यो' या फौजदारी नियमसंग्रहात 'मेकाके', म्हणजे विवाहित पुरुषाने उघडपणे ठेवलेली दुसरी स्त्री, हिला पत्नीच्या बरोबरीने दुसऱ्या श्रेणीची नातेवाईक ठरवले होते, आणि त्यामुळे कोसेकी या शासकीय कुटुंबनोंदवहीत तिचे नाव लागू शकत होते. या व्यवस्थेवर पहिला मोठा हल्ला मुत्सद्दी मोरी आरिनोरी यांनी केला. 'मेइरोकू झाश्शी' या नियतकालिकात १८७४ आणि १८७५ मध्ये त्यांनी पत्नी आणि ठेवलेली स्त्री यांच्याविषयी लेखमाला लिहून विवाह हा परस्परांच्या हक्कांवर व कर्तव्यांवर उभा असला पाहिजे असे मांडले, आणि १८७५ मध्ये स्वतःचा विवाह लेखी कराराने, विचारवंत फुकुझावा युकिची यांच्या साक्षीने केला. १८८० च्या दंडसंहितेतून मेकाकेचा उल्लेख गेला आणि संहिता १८८२ मध्ये लागू झाल्यावर तिचे कायदेशीर स्थान संपले. ती स्वतः मात्र समाजातून गेली नाही. १८९८ मध्ये 'योरोझू चोहो' या टोकियोच्या वृत्तपत्रात कुरोइवा रुइको यांनी नामवंत पुरुषांनी ठेवलेल्या स्त्रियांची नावागावांसह यादी क्रमशः छापली, तेव्हा त्यात मंत्री, व्यापारी, लेखक असे सर्व थरांतील पुरुष निघाले. नोंदवहीतून नाव पुसल्याचा परिणाम एवढाच झाला की पूर्वी जिला थोडेफार कायदेशीर संरक्षण होते, ती स्त्री आता सर्वस्वी पुरुषाच्या मर्जीवर राहिली.

त्याच १८९८ मध्ये पूर्ण झालेल्या नागरी संहितेने 'इए', म्हणजे घराण्याची कुटुंबप्रमुखाच्या अधिकाराखालील व्यवस्था, विवाहकायद्याच्या केंद्रस्थानी ठेवली. पत्नीने व्यभिचार केला की पतीला घटस्फोटाचे कारण मिळे. पतीच्या बाबतीत मात्र त्याला अशा संबंधाबद्दल न्यायालयात शिक्षा झालेली असली तरच पत्नीला ते कारण मिळे, आणि तशी शिक्षा केवळ दुसऱ्याच्या पत्नीशी संबंध ठेवल्यास होऊ शकत होती. १९०७ च्या दंडसंहितेतील १८३ व्या कलमाने ही विषमता पक्की केली. पतीच्या तक्रारीवरून पत्नीला आणि तिच्या प्रियकराला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शके, आणि पत्नीला तक्रारीचा अधिकारच नव्हता. याहूनही बोचरा नियम वारशाचा होता. विवाहबाह्य मुलाला पित्याने आपले म्हणून मान्य केले, की ते 'शोशी' या वर्गात येई, आणि असा मुलगा घराण्याच्या प्रमुखपदाच्या क्रमात विवाहातून जन्मलेल्या मुलीच्याही पुढे उभा राही. म्हणजे ज्या घरात केवळ मुलगी होती, तेथे पतीचा विवाहबाह्य संबंध हा पत्नीच्या मनाचा प्रश्न तर होताच, शिवाय तिच्या मुलीच्या जागेचाही होता.

या कलमाचा फटका सुप्रसिद्ध व्यक्तींनाही बसला. कवी किताहारा हाकुशू यांना शेजारच्या विवाहित स्त्रीशी असलेल्या संबंधावरून १९१२ मध्ये तिच्या पतीच्या तक्रारीनंतर इचिगाया तुरुंगात ठेवण्यात आले आणि तडजोड झाल्यावरच त्यांची सुटका झाली. १९२३ मध्ये कादंबरीकार आरिशिमा ताकेओ आणि एका मासिकाच्या विवाहित संपादिका यांनी, संबंध तिच्या पतीला कळल्यानंतर, कारुइझावा येथे एकत्र आत्महत्या केली. याउलट १९२१ मध्ये कवयित्री यानागिवारा ब्याकुरेन क्यूशूमधील धनाढ्य खाणमालक पतीला सोडून गेल्या, तेव्हा त्यांच्या नावाने पतीला उद्देशून लिहिलेले खुले पत्र वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले, आणि पतीने फौजदारी तक्रार न करता घटस्फोट दिला. तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान आहे : कोणाला तुरुंगात पाठवायचे, कोणाला मोकळे सोडायचे आणि कोणाला भीतीच्या छायेत ठेवायचे, याचा निर्णय न्यायाधीशाआधी पतीच्या हातात होता. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने पतीवरही एकनिष्ठेचे बंधन आहे असे तत्त्व मांडले, पण दंडसंहितेचे कलम जसेच्या तसे राहिले.

'बायको, गुलाबासारखी हो' हा चित्रपट या पार्श्वभूमीवर निर्माण झाला. शोचिकू कंपनीत दीर्घकाळ उपेक्षा सोसल्यावर नारुसे १९३४ मध्ये पी. सी. एल. या नव्या कंपनीत गेले होते, आणि नाकानो मिनोरू यांच्या 'दोन बायका' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या नाटकावरून त्यांनी ही पटकथा लिहिली. नाटक शिंपा परंपरेतील, म्हणजे काबुकीनंतर उदयाला आलेल्या आणि कौटुंबिक अश्रूंवर पोसलेल्या रंगभूमीचे होते. त्या परंपरेत पत्नी सोशिक आणि दुसरी बाई घरभेदी असणे जवळजवळ ठरलेले असे. नारुसे यांनी हा ठरीव साचा मोडला, आणि तोही आवाज न चढवता.

कथेतील किमिको टोकियोतील कार्यालयात नोकरी करते, पाश्चात्त्य पोशाख करते आणि आईसह राहते. आई एत्सुको कवयित्री आहे. घर सोडून गेलेल्या पतीच्या विरहावर ती कविता रचते, पण माणूस म्हणून त्याच्याशी कसे वागावे हे तिला कधी साधलेले नाही. वडील शुन्साकू अनेक वर्षांपासून नागानोच्या डोंगराळ भागात ओयुकी नावाच्या पूर्वाश्रमीच्या गेइशाबरोबर राहतात, नदीच्या वाळूत सोने शोधतात, आणि त्यांना ओयुकीपासून दोन मुले आहेत. किमिकोचे लग्न ठरत आले आहे. तेव्हाच्या नागरी संहितेनुसार पंचवीस वर्षांखालील मुलीच्या विवाहाला घरातील आईवडिलांची संमती आवश्यक होती, आणि लग्नाच्या समारंभात पित्याची रिकामी जागा सर्वांच्या डोळ्यांत आली असती. म्हणून किमिको वडिलांना परत आणायला निघते. ज्या स्त्रीने आपले घर फोडले तिला जाब विचारायचा, हा तिचा निश्चय आहे. तेथे पोचल्यावर तिला कळते की इतकी वर्षे वडिलांच्या नावाने टोकियोला येणारे पैसे ओयुकी पाठवत होती. केशरचना आणि शिवणकाम करून ती घर चालवते, आणि त्या पैशांची झळ तिच्या स्वतःच्या मुलीच्या शिक्षणाला बसली आहे.

या उलगड्यात चित्रपटाचे सारे सामर्थ्य आहे. कायद्याच्या दृष्टीने पत्नी असलेली स्त्री प्रत्यक्षात ठेवलेल्या स्त्रीच्या कमाईवर जगत आहे, आणि जिला कायदा ओळखतही नाही ती स्त्री पत्नीची सर्व कर्तव्ये पार पाडत आहे. ओयुकीला मुलगा आहे आणि किमिको एकुलती मुलगी आहे. वडिलांनी मुलाला रीतसर आपला म्हटले तर किमिकोचा क्रम त्याच्या मागे जाईल, ही कायदेशीर शक्यता चित्रपट उच्चारत नाही, पण १९३५ च्या प्रेक्षकाला ती समजावून सांगण्याची आवश्यकताही नव्हती. तरीही ओयुकी त्या मार्गाने काही मागत नाही. वडील टोकियोला येतात, पत्नीसह नाट्यगृहात जातात, तेथे डुलक्या घेतात, आणि दोन दिवसांतच या दोघांमध्ये बोलण्यासारखे काही उरलेले नाही हे मुलीला दिसते. अखेरीस किमिको स्वतःच वडिलांना परत जाऊ देते आणि आई हरली असे मनाशी मान्य करते. मुलीने आईविरुद्ध दिलेला हा निकाल कठोर आहे, परंतु तो अन्यायाचा वाटत नाही, कारण नारुसे यांनी आईच्या एकाकीपणाकडेही तितक्याच आस्थेने पाहिले आहे. 'किनेमा जुन्पो' या चित्रपटविषयक नियतकालिकाने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम जपानी चित्रपट ठरवले, आणि १९३७ मध्ये तो 'किमिको' या नावाने न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला. जपानी बोलपट अमेरिकेत व्यावसायिक रीतीने प्रदर्शित होण्याचा तो आरंभ होता. तेथील स्वागत थंडच राहिले, आणि पुढे युद्धामुळे ती वाटही बंद झाली.

युद्धोत्तर बदल वेगाने झाले. ३ मे १९४७ रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या चोविसाव्या अनुच्छेदाने विवाह केवळ दोघांच्या संमतीवर आणि पती-पत्नींच्या समान हक्कांवर आधारलेला राहील असे घोषित केले. त्याच्या मूळ मसुद्यामागे बेआते सिरोता या तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणीचे काम होते. समानता मान्य झाल्यावर १८३ वे कलम जसेच्या तसे ठेवणे अशक्य होते, आणि म्हणून प्रश्न असा आला की व्यभिचारासाठी दोघांनाही शिक्षा करावी की कोणालाच करू नये. पतींनाही तुरुंगाचा धाक असावा असे म्हणणारा मोठा मतप्रवाह होता, आणि शतकानुशतकांची एकतर्फी शिक्षा पाहता त्या मागणीतील संताप सहज समजण्यासारखा आहे. अखेर कलम पूर्णपणे वगळण्याचा पक्ष जिंकला आणि ऑक्टोबर १९४७ च्या दुरुस्तीने ते रद्द झाले. जपानी अमलाखाली तेच कलम लागू असलेल्या कोरियाने, म्हणजे पुढच्या दक्षिण कोरियाने, १९५३ मध्ये दुसरा मार्ग निवडून पती आणि पत्नी दोघांनाही दंडनीय ठरवले, आणि तो कायदा तेथील घटनात्मक न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द करेपर्यंत टिकला. जपानमध्ये १९४८ च्या आरंभापासून सुधारित नागरी संहिता लागू झाली; पती असो वा पत्नी, एकनिष्ठेचा भंग हे घटस्फोटाचे कारण दोघांसाठी एकसारखे झाले, आणि इएची व्यवस्था कायद्यातून गेली.

साहित्य आणि चित्रपट यांनी हा बदल लगेच टिपला. ओओका शोहेई यांच्या 'मुसाशिनो फुजिन' या १९५० च्या कादंबरीत, आणि मिझोगुची यांनी १९५१ मध्ये तिच्यावरून केलेल्या चित्रपटात, फ्रेंच साहित्याचा एक प्राध्यापक स्तांदालच्या आधाराने व्यभिचाराचे तत्त्वज्ञान सांगतो, आणि त्याची एकनिष्ठ पत्नी मिचिको मात्र वडिलार्जित घर वाचवण्यासाठी प्राण देते. नव्या स्वातंत्र्याचा उपयोग आधी कोणाला झाला, याचे इतके परखड चित्रण त्या काळात विरळाच आढळते.

तथापि या काळाचा खरा दस्तऐवज 'त्सुमा' आहे. लेखिका हायाशी फुमिको १९५१ मध्ये निधन पावल्या, आणि त्याच वर्षी नारुसे यांनी त्यांच्या अपूर्ण कादंबरीवरून 'मेशी' हा चित्रपट केला. पुढे 'इनाझुमा', 'त्सुमा', 'बांगिकू', 'उकिगुमो' आणि १९६२ मधील 'होरोकी' असे एकूण सहा चित्रपट त्यांनी हायाशी यांच्या लेखनावर आधारले. 'त्सुमा'ची पटकथा इदे तोशिरो यांची आहे. दहा वर्षे संसार केलेले तोइची आणि मिहोको, म्हणजे उएहारा केन आणि ताकामिने मिएको, यांच्या मनातील स्वगतांनी तो सुरू होतो : हा संसार असा का झाला, हे दोघेही स्वतःला विचारतात, एकमेकांना मात्र विचारत नाहीत. पगार पुरत नाही म्हणून घरातल्या खोल्या भाड्याने दिल्या आहेत आणि मिहोको घरबसल्या विणकाम करून भर घालते. तोइचीचा जीव कार्यालयातील सागारा या विधवा सहकारी स्त्रीत गुंततो; ती मुलाला घेऊन ओसाकाला जाते, आणि कामानिमित्त तेथे गेल्यावर तो तिला भेटतो. परतल्यावर तो पत्नीपासून काही लपवू शकत नाही. मिहोको त्या स्त्रीला गाठून तिच्यासमोर उभी राहते, आणि ती स्त्री माघार घेते. शेवटी पुन्हा तीच सकाळ, तीच दोन स्वगते, आणि घटस्फोट घ्यावा की न घ्यावा हा अनुत्तरित प्रश्न.

चहाने खुळखुळून चूळ भरणारी, तांदळाची खारी बिस्किटे कडकड आवाज करत खाणारी मिहोको अनेक समीक्षकांना अप्रिय वाटली, आणि पती दुसरीकडे वळला याचे कारण त्यांनी तिच्या गबाळेपणात शोधले. हे वाचन चित्रपटावर अन्याय करणारे आहे. नारुसे यांनी तिच्या सवयी जितक्या बारकाईने दाखवल्या, तितक्याच बारकाईने तिचे पैशांचे हिशेब आणि विणकामात गेलेले तासही दाखवले आहेत. ज्या स्त्रीला दहा वर्षांत कोणी विचारपूर्वक पाहिले नाही, तिने स्वतःकडे पाहणे सोडले तर त्याचा दोष एकट्या तिच्यावर टाकता येत नाही. तिचा हट्ट समजून घेण्यासाठी त्या वेळचा न्याय ध्यानात घेतला पाहिजे. फेब्रुवारी १९५२ मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या एका पतीची घटस्फोटाची मागणी फेटाळली होती. आधी पत्नीला तुडवायचे आणि वर लाथ मारून हाकलायचे असे होईल, अशा आशयाचे त्यातील विधान पुढे फार गाजले. दोषी जोडीदाराला पत्नीच्या इच्छेविरुद्ध घटस्फोट मिळणार नाही, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. म्हणजे १९३५ मध्ये एत्सुकोजवळ केवळ पत्नीपद होते, तर १९५३ मध्ये मिहोकोजवळ ते पद सोडण्यास नकार देण्याचा हक्कही आला होता. हा हक्क खरा होता आणि मोलाचा होता. पण घराबाहेर पडून स्वतःच्या बळावर जगण्याची सोय त्याच्यासोबत आली नव्हती, आणि म्हणून तो हक्क वापरणारी स्त्री जिंकूनही त्याच घरात, त्याच माणसासमोर, त्याच हिशेबाच्या वहीपाशी उरत होती. एत्सुकोला पैसे पुरवणारी ओयुकी आणि मिहोकोचे विणकाम, या दोन्ही गोष्टी एकाच सत्याकडे बोट दाखवतात : जपानी विवाहात निष्ठेचा प्रश्न हा उपजीविकेच्या प्रश्नापासून कधीच सुटा नव्हता. नारुसे यांच्याइतक्या सातत्याने हे सत्य दुसऱ्या कोणत्याही जपानी दिग्दर्शकाने मांडले नाही, आणि त्यासाठीच हे विस्मृतीत गेलेले चित्रपट पुन्हा पाहिले गेले पाहिजेत.

१९५२ चे तत्त्व पस्तीस वर्षे टिकले. २ सप्टेंबर १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ते शिथिल करताना तीन अटी घातल्या : दोघांची वये आणि सहजीवनाचा काळ पाहता विभक्तपणा दीर्घ असावा, सांभाळावी लागणारी लहान मुले नसावीत, आणि घटस्फोटामुळे दुसरा जोडीदार अत्यंत हलाखीत लोटला जाऊ नये. त्या प्रकरणातील जोडप्याचा विवाह १९३७ चा होता. १९४९ पासून पती दुसऱ्या स्त्रीबरोबर राहत होता आणि तिच्यापासून त्याला दोन मुले होती. त्याचा पहिला दावा पन्नासच्या दशकातच फेटाळला गेला होता, आणि १९८७ च्या निकालापर्यंत विभक्तपणाला सुमारे अडतीस वर्षे लोटली होती. फेरसुनावणीत टोकियो उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये घटस्फोट मंजूर केला आणि पतीने पत्नीला मालमत्तेच्या वाटणीपोटी एक कोटी येन व मानसिक त्रासाच्या भरपाईपोटी दीड कोटी येन द्यावेत असा आदेश दिला.